उचल आणि कमाई

(कपिलधार येथे मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



माझ्यासारख्या मॅट्रिकपर्यंत शिकलेल्या, खेड्यापाड्यांतील शाळांत गणित शिकवून निवृत्त झालेल्या मास्तराला आपण व्याख्यानास उभे केलेत, हा आपला लोभ होय. विषयही मीच निवडावा अशी मोकळीक दिलीत. मी जो विषय निवडला आहे तो प्रथमदर्शनी रुक्ष वाटेल. तथापि आपल्यातील बहुतेक घरांचा चरितार्थ दुकान, अडत, मालवाहतूक किंवा नोकरी यांवर चालतो, आणि घरोघरी काही ना काही ठेव किंवा शेअर असतोच. म्हणून तो आपल्या चुलीपर्यंत पोहोचणारा विषय आहे, असे माझे मत आहे.

आज सकाळी मांजरसुंब्याकडून इकडे येताना आपण सर्वांनी धुळे-सोलापूर महामार्गावरील मालमोटारींची रांग पाहिली असेल. त्यांपैकी कित्येक गाड्यांत एक लहानशी पेटी बसविलेली असते. गाडी कोठे आहे, किती वेगाने चालली आहे, कोठे किती वेळ थांबली, हे ती पेटी उपग्रहाच्या संकेतांवरून जाणते आणि मोबाईलच्या जाळ्यातून मालकाला कळविते. पूर्वी मालक घाटातल्या धाब्यावर फोन करून गाडीची चौकशी करीत असे. आता तो घरबसल्या पाहतो. शासनानेही १ जानेवारी २०१९ पासून नव्या सार्वजनिक प्रवासी वाहनांना, रिक्षांसारखी काही वाहने वगळून, असे यंत्र आणि संकटसमयीचे बटण सक्तीचे केले. हा धंदा करणाऱ्यांचे उत्पन्न दोन प्रकारचे असते. यंत्र विकले की एकदाच पैसा मिळतो, आणि गाडीची माहिती पुरविण्याची सेवा दिली की वर्गणी मिळते. हा भेद आपण ध्यानात ठेवावा. पुढील सर्व विवेचन त्यावर उभे आहे.

या पेटीचे काळीज म्हणजे अर्धवाहकाची चकती, जिला आपण चिप म्हणतो. २०२० साली साथीमुळे जग बंद पडले तेव्हा मोटार कारखानदारांनी चिपांच्या मागण्या रद्द केल्या. त्याच वेळी घरून काम व शिक्षण सुरू झाल्याने संगणकांची मागणी वाढली आणि चिप करणाऱ्यांनी आपली यंत्रे तिकडे वळविली. मोटारी पुन्हा विकल्या जाऊ लागल्या तेव्हा चिपा नव्हत्या. त्यात फेब्रुवारी २०२१ मध्ये अमेरिकेच्या टेक्सास राज्यातील हिमवादळाने तेथील कारखाने बंद पडले. १९ मार्चला जपानमधील रेनेसास कंपनीच्या नाका येथील कारखान्यास आग लागली, आणि त्याच महिन्यात ‘एव्हर गिव्हन’ हे जहाज सुएझ कालव्यात आडवे अडकून सहा दिवस वाहतूक खोळंबली. एवढ्या लांबच्या घटना. पण त्यांची झळ बीडच्या एका छोट्या दुकानापर्यंत आली, हे मी स्वतः पाहिले आहे.

ते दुकान माझ्या पुतण्याचे. गाड्यांना ही यंत्रे बसवून देण्याचा उद्योग त्याने आरंभिला होता. २०२१ च्या गळीत हंगामापूर्वी ऊस वाहतुकीच्या ठेकेदारांकडून त्याला साठ गाड्यांची मागणी आली. दर गाडीस ७,५०० रुपये ठरले. त्यांपैकी ६,००० यंत्राचे व बसविण्याचे आणि १,५०० वर्षाच्या सेवेचे. प्रत्येकाने ४,००० रुपये आगाऊ दिले. ऑक्टोबरच्या आरंभी पुरवठादाराकडून चौदा यंत्रे आली, ती बसविली गेली, त्यांचे पूर्ण पैसेही आले. पुढे मात्र ‘चिप नाही, पुढच्या महिन्यात’ एवढेच उत्तर येऊ लागले.

डिसेंबरच्या अखेरीस पुतण्या आणि माझे धाकटे बंधू माझ्याकडे आले. दुकानासाठी कर्ज काढावयाचे होते, बंधूंची चार एकर जमीन तारण द्यावयाची होती आणि जामीनदार म्हणून माझी सही हवी होती. सोबत टाचण होते : विक्री ४,५०,००० रुपये. खरे सांगतो, तो आकडा पाहून प्रथम मलाही आनंद झाला. चाळीस वर्षे मुलांना ‘उत्तर लिहिण्यापूर्वी ताळा करा’ म्हणून सांगणारा मी, लेखणी हाती घेऊन बसलो होतो. सही करण्यापूर्वी सहज रोजमेळ मागितला, आणि थांबलो.

मी म्हणालो, “यंत्रे तर चौदाच बसली. मग विक्री साठांची कशी?”

तो म्हणाला, “अण्णा, ऑर्डर आली, पैसे घेतले, म्हणजे विक्री झालीच ना?”

मी म्हणालो, “अरे, उचल घेतली म्हणजे ऊस तुटला का?”

बीड जिल्ह्यात या प्रश्नाचा अर्थ कोणास सांगावा लागत नाही. आपल्या भागातील हजारो कोयते दरवर्षी मुकादमाकडून उचल घेऊन पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातात. उचलीचे पैसे हाती असतात, घरात खर्चही होतात. परंतु त्यास कमाई कोणी म्हणत नाही. जेवढा ऊस तुटेल तेवढी उचल फिटते. तोवर ते देणे. जे आपल्या निरक्षर मजुरास कळते, ते शिकलेल्या दुकानदारास का कळू नये?

त्या रात्री आम्ही हिशेब नव्याने मांडला. चौदा यंत्रांचे ८४,००० आणि त्यांच्या तीन महिन्यांच्या सेवेचे ५,२५० मिळून खरी कमाई ८९,२५० रुपये. उरलेल्या सेहेचाळीस गाड्यांची आगाऊ रक्कम १,८४,००० आणि चौदा गाड्यांच्या राहिलेल्या नऊ महिन्यांच्या सेवेचे १५,७५०, अशी १,९९,७५० रुपयांची उचल डोक्यावर होती. त्या पैशांतील मोठा भाग पुरवठादाराकडे अडकला होता आणि उरलेला भाडे व पगार यांत खर्च झाला होता. साडेचार लाखांच्या विक्रीवर कर्ज मागावयास निघालेला मुलगा वस्तुतः दोन लाखांचा देणेकरी होता. मुलगा लबाड नव्हता. त्याने आशा आणि कमाई एकाच रकान्यात लिहिली, एवढेच.

मी सही केली नाही. बंधू रागावले, ‘सख्ख्या पुतण्यावर विश्वास नाही’ असे बोलून गेले आणि संक्रांतीस तिळगूळ घ्यावयासही आले नाहीत. ते दिवस मला जड गेले, हे लपवीत नाही.

आता हीच गोष्ट मोठ्या कंपन्यांच्या दालनात कशी घडते ते पाहू. आपल्या देशात १ एप्रिल २०१८ पासून कंपन्यांना भारतीय लेखामानक ११५ लागू झाले. त्याचे सार हेच की गिऱ्हाइकास वस्तू सुपूर्द होईल तेव्हाच, आणि सेवा जसजशी दिली जाईल तसतसे, उत्पन्न लिहावे. हाती असलेली मागणी जमेत धरता येत नाही. आगाऊ आलेली रक्कम देणे म्हणून दाखवावी लागते. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीने दर तिमाहीचा हिशेब पंचेचाळीस दिवसांत व वर्षाचा साठ दिवसांत जाहीर करावा, आणि मोठी अडचण उद्भवल्यास ती तत्परतेने कळवावी, असा ‘सेबी’चा नियम आहे. साथीच्या आरंभी, २० मे २०२० रोजी, ‘सेबी’ने कंपन्यांना स्वतंत्र सूचनापत्रक काढून साथीचा परिणाम भागधारकांस स्पष्ट सांगण्यास बजावले होते.

मुंबईच्या टाटा मोटर्सचे उदाहरण घ्या. मालमोटारींचा मागोवा ठेवणारी ‘फ्लीट एज’ ही सेवा तेव्हा याच कंपनीची होती. ६ जुलै २०२१ रोजी या कंपनीने जाहीर केले की चिपांच्या टंचाईमुळे तिच्या जग्वार लँड रोव्हर विभागाची जुलै ते सप्टेंबर या तिमाहीतील घाऊक विक्री योजनेच्या निम्म्यावर येण्याचा संभव आहे. त्याच दिवशी शेअरचा भाव कोसळला. पुढे एप्रिल ते जून या तिमाहीत सुमारे ४,४५० कोटी रुपयांचा आणि जुलै ते सप्टेंबरमध्ये सुमारे ४,४४० कोटींचा एकत्रित तोटा तिने दाखविला. महिंद्र आणि महिंद्र कंपनीनेही सप्टेंबर २०२१ मध्ये कळविले की त्या महिन्यात सुमारे सात दिवस उत्पादन बंद राहील आणि ते वीस ते पंचवीस टक्क्यांनी घटेल. गाड्यांसाठी गिऱ्हाइकांची रांग लागली असता हे सांगणे सोपे नव्हते. परंतु रांग म्हणजे विक्री नव्हे, हे त्यांच्या हिशेबाने सांगितले. टाटा मोटर्स २०२२-२३ मध्ये पुन्हा नफ्यात आली.

दुसरे उदाहरण अमेरिकेतील कॅलॲम्प कंपनीचे. १९८१ मध्ये स्थापन झालेली ही कंपनी वाहनांच्या मागोव्याच्याच धंद्यातील. २०१६ मध्ये तिने चोरीच्या गाड्या शोधणारी लोजॅक ही प्रसिद्ध कंपनी विकत घेतली. चिपांची टंचाई आली तेव्हा ती यंत्रे विकून एकदम पैसा घेण्याऐवजी वर्गणीच्या पद्धतीकडे वळत होती. म्हणजे मागणी होती, पण यंत्रे पुरेशी तयार होईनात. आणि जी दिली त्यांचे उत्पन्नही महिन्यामहिन्याने लिहावयाचे. फेब्रुवारी २०२२ अखेरच्या वर्षात तिचे उत्पन्न सुमारे तीस कोटी डॉलर होते, परंतु कंपनी तोट्यात होती. आणि २३ कोटी डॉलरांचे कर्जरोखे ऑगस्ट २०२५ मध्ये फेडावयाचे होते. ही मुदत तिच्या हिशेबात छापलेली होती. जून २०२४ मध्ये कंपनीने दिवाळखोरीच्या कायद्याचा आश्रय घेतला, आणि पुढे ती शेअर बाजारातून बाहेर पडून धनकोच्या मालकीची झाली.

येथे कोणी विचारील, मास्तर, खरा हिशेब लिहूनही कंपनी बुडते, मग उपयोग काय? प्रश्न योग्य आहे. खरा हिशेब संकट टाळीत नाही. चिपा काही वहीतून निर्माण होत नाहीत. परंतु तो वेळ मिळवून देतो. जो आकडे वाचील त्याला कर्जाची मुदत दोन वर्षे आधी दिसते. खोटा हिशेब मात्र हाच वेळ चोरतो, आणि प्रथम चोरतो तो लिहिणाऱ्याचाच.

म्हणून कोणत्याही संस्थेत पैसा ठेवताना, तिचा शेअर घेताना अथवा कोणास जामीन राहताना चार गोष्टी पाहाव्यात, असे मी सुचवितो. पहिली, सांगितलेला आकडा मागणीचा आहे की दिलेल्या मालाचा. दुसरी, आगाऊ आलेली रक्कम देण्यात लिहिली आहे काय. तिसरी, शिलकी माल कोणत्या दराने धरला आहे. टंचाईत चढ्या भावाने घेतलेला माल पुढे स्वस्त होतो, आणि खरेदीची किंमत किंवा विकून हाती येईल ती रक्कम, यांपैकी जी कमी ती लिहावी असा दंडक आहे. चौथी, कर्ज केव्हा फेडावयाचे आणि त्या दिवशी रोकड कोठून येणार. पुष्कळ लोक शेवटची नफ्याची ओळ तेवढी वाचतात. माझ्या मते या चार गोष्टी त्या ओळीच्या आधी वाचाव्यात.

पुतण्याची हकीकत अपुरी ठेवीत नाही. जानेवारी २०२२ मध्ये तो सेहेचाळीसही गाडीमालकांकडे स्वतः गेला, आणि ‘यंत्र केव्हा येईल सांगता येत नाही, पैसे हवे असतील तर हप्त्याने परत करतो’ असे म्हणाला. सतरा जणांनी पैसे मागितले. एकोणतीस जण थांबले; कारण, त्यांच्यातील एकजण मला म्हणाला त्याप्रमाणे, खरे सांगावयास घरी येणारा दुकानदार त्यांनी प्रथमच पाहिला. उन्हाळ्यात यंत्रे आली. दुकान आज लहान आहे, पण चालू आहे. चार एकर शेत बंधूंच्याच नावावर आहे. आणि बंधू आज या सभेत दुसऱ्या रांगेत बसले आहेत.

जाता जाता मंडळास एक नम्र सूचना करतो. आपल्या सभागृहनिधीच्या यादीत दरवर्षी देणग्यांची एकच बेरीज छापली जाते. मेळाव्यात हात वर करून जाहीर केलेली देणगी आणि प्रत्यक्ष पावती फाडलेली देणगी यांचे दोन वेगळे रकाने पुढील स्मरणिकेपासून छापावेत : ‘जाहीर’ आणि ‘जमा’. त्यात कोणाचा अवमान नाही. माझेच नाव गेल्या वर्षी जाहीर केलेल्या ५,००० रुपयांसह यादीत आहे, आणि त्यांपैकी २,००० मी अद्याप दिलेले नाहीत. आज ते सोबत आणले आहेत. व्यासपीठावरून खाली उतरलो की खजिनदारांकडून पावती घेतो.