तिकिटाचे पैसे कोणी दिले?

(वाळूज येथील प्रौढ साक्षरता वर्गात केलेले भाषण)



ऑलिंपिक हे नाव आपण रेडिओवर, टीव्हीवर ऐकले आहे. ऑलिंपिक म्हणजे साऱ्या जगाची खेळांची जत्रा. ती चार वर्षांनी भरते. धावणे, पोहणे, कुस्ती, नेमबाजी, हॉकी असे पुष्कळ खेळ तिथे होतात. पहिला येईल त्याला सोन्याचे पदक, दुसऱ्याला चांदीचे आणि तिसऱ्याला कांस्याचे. कांस्य म्हणजे आपले कासे. काशाची वाटी तुम्ही पाहिलीच आहे.

या जत्रेत आपला देश कसा पोचला, ते आज सांगतो.

गोष्ट पुण्यात सुरू होते. तिथे डेक्कन जिमखाना नावाची खेळांची संस्था आहे. तिच्या शर्यतीत शेतकऱ्यांची पोरे अनवाणी पळत. सर दोराबजी टाटा यांनी ते पाहिले. त्यांना वाटले, ही पोरे जगातही पळू शकतील. त्यांनी पैसे उभे केले. १९२० साली बेल्जियम देशातील अँटवर्प शहरात आपला संघ गेला. त्यात बेळगावकडचे फडेप्पा चौगुले होते. ते ४२ किलोमीटरहून लांबची शर्यत पळाले. त्यांचा नंबर एकोणिसावा आला. पदक नाही मिळाले, पण वाट पडली.

पुढे १९२८ साली हॉकीत सोन्याचे पदक मिळाले. तेव्हापासून १९५६ पर्यंत हॉकीचे सोने दर खेपेला आपणच आणले. पण हॉकी अकरा जणांची. एकट्याने पदक आणणारा स्वतंत्र भारताचा पहिला गडी कोण? तो आपल्या महाराष्ट्राचा. खाशाबा जाधव!

खाशाबा सातारा जिल्ह्यातले. कराड तालुक्यात गोळेश्वर गाव आहे, तिथले. जन्म १९२६ चा. अंगाने लहान, पण डावाला पक्के. ढाक हा त्यांचा आवडता डाव. १९४८ साली ते लंडनच्या ऑलिंपिकला गेले. कोल्हापूरच्या महाराजांनी खर्च दिला. आपली कुस्ती लाल मातीतली, तिथली गादीवरची. तरीही खाशाबा सहावे आले.

चार वर्षांनी फिनलंड देशातील हेलसिंकी शहरी जायचे होते. निवड झाली, पण जायला पैसा नव्हता. आता पैसा कोण देणार? गावच्या लोकांनी वर्गणी काढली. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डीकर यांनी तर आपले राहते घर गहाण टाकले. त्यांनी ७,००० रुपये दिले. दुसऱ्याच्या पोरासाठी घर गहाण टाकणे सोपे आहे का? तुम्हीच सांगा.

हेलसिंकीत खाशाबांनी कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनी या देशांच्या पैलवानांना हरवले. मग जपानच्या इशीशी मोठी झुंज झाली. तीत ते हरले. दोन कुस्त्यांमध्ये अर्धा तास विसावा द्यावा, असा नियम होता. पण त्यांना लगेच सोव्हिएत संघाच्या पैलवानापुढे उभे केले. नियम दाखवून भांडायला आपला एकही अधिकारी तिथे नव्हता. थकलेले खाशाबा ती कुस्तीही हरले. तरी तिसरा नंबर आला. २३ जुलै १९५२ रोजी त्यांना काशाचे पदक मिळाले.

ते परत आले तेव्हा कराडात १५१ बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. पण खाशाबा मिरवणुकीतच रमले नाहीत. त्यांनी कोल्हापुरात कुस्त्या लावल्या. त्या जिंकून जे पैसे मिळाले, ते प्राचार्यांना दिले आणि त्यांचे घर सोडवले. असा तो पैलवान!

१९५५ साली ते पोलीस खात्यात फौजदार झाले. १९८४ साली अपघातात वारले. सरकारचा अर्जुन पुरस्कार त्यांना मिळाला, तो मरणानंतर. देशाला एकट्याचे दुसरे पदक मिळायला १९९६ साल उजाडले. मधे चव्वेचाळीस वर्षे गेली. एवढ्या वर्षांत गावोगावी चांगले खेळाडू निपजले नसतील का? निपजले असतील. पण प्रत्येकाला खर्डीकर भेटले नाहीत.

अलीकडची नावेही ऐका. सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर हे सैनिक. १९६५ च्या लढाईत गोळ्या लागून ते जायबंदी झाले. पण ते पोहायला शिकले. १९७२ साली अपंगांच्या जागतिक स्पर्धेत त्यांनी सोने जिंकले. माण तालुका दुष्काळी. तिथल्या मोही गावची ललिता बाबर २०१६ साली ऑलिंपिकची शेवटची शर्यत धावली आणि दहावी आली. मुलीच्या जातीला खेळ कशाला, असे म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. आपल्या मराठवाड्याचा, बीड जिल्ह्यातील मांडवा गावचा अविनाश साबळे २०२३ साली आशियाई खेळांत सोने घेऊन आला. आणि २०२४ साली कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिसला नेमबाजीत काशाचे पदक मिळवले. खाशाबांनंतर बहात्तर वर्षांनी महाराष्ट्राच्या गड्याने एकट्याने मिळवलेले ते पदक!

मंडळी, ही सारी खेड्यांची नावे आहेत. मग वाळूजचे का नसावे?

आपल्या भोवती कारखाने उभे राहिले. रोजगार आला, हे चांगले झाले. पण पोरांना पळायला मोकळी जागा ठेवा. शाळेचे मैदान अडवू नका. छत्रपती संभाजीनगरला विद्यापीठाच्या आवारात खेळ शिकवणारे सरकारी केंद्र आहे. तिथे जाऊन चौकशी करा. स्पर्धा वयाप्रमाणे होतात, म्हणून जन्माचा दाखला नीट जपून ठेवा. आता तुम्हाला वाचता येते. शाळेच्या फळ्यावर स्पर्धेची सूचना लागली, की ती स्वतः वाचा. नियमही वाचा. हेलसिंकीत नियम दाखवणारा माणूस नव्हता, म्हणून खाशाबांचे नुकसान झाले. आपल्या पोराच्या वेळी तरी तसे होऊ नये.

आणि एखाद्या गरिबाच्या पोराला बाहेरगावी खेळायला जायचे असले, तर गाडीभाड्यापुरते चार पैसे प्रत्येकाने द्यावेत. घर गहाण टाका, असे मी म्हणत नाही. गावाने वाटून घेतले, तर कोणा एकाला घर गहाण टाकावे लागत नाही.