घरबसल्या शिक्षण आणि प्रकृतीचा नेम



मार्च २०२० मध्ये महाविद्यालये बंद झाली आणि फोनच्या पडद्यावर वर्ग भरू लागले. पुढे महाविद्यालये उघडली. परंतु घरबसल्या शिकणारी मुले आजही पुष्कळ आहेत.

वर्गात बाक रिकामा दिसला की आम्ही शिक्षक विचारपूस करतो. पडद्यावर मात्र मुलाचे लक्ष उडाले तरी नाव तसेच झळकत राहते. उमेद टिकविण्याचा सारा भार त्या एकट्यावर पडतो.

‘खूप अभ्यास करीन, तब्येत सांभाळीन’ हा संकल्प चार दिवसांत विरतो. ‘अमुक घडले की तमुक करीन’ असा नेम बांधला तर तो पार पडण्याचा संभव वाढतो, असे मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर यांनी १९९९ साली मांडले. पहाटेची अजान वा काकडआरती कानी पडली की उठावे. व्याख्यान संपले की दहा मिनिटे झपझप चालावे. दिवसाला अशा तीन फेऱ्या, आठवड्यातून पाच दिवस. म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांस सांगितलेली आठवड्याची किमान १५० मिनिटे भरतात. जेवण झाले की फोन दुसऱ्या खोलीत ठेवावा. झोप सुधारण्यास मदत होऊ शकते.

शिष्यवृत्तीचा धनादेश दिला म्हणजे आपले काम संपले, असे नव्हे. दर आठवड्यास कोणी जाणत्याने ‘जेवलास का? झोपलास का? कुठे अडलास?’ एवढे विचारावे. मन फारच खचलेले दिसले तर सरकारच्या ‘टेली-मानस’चा १४४१६ हा मोफत क्रमांक त्यास द्यावा. आपली हजेरी घेणारे कोणी आहे, हे मुलांस कळू द्या, एवढीच आमची विनंती.