उपास, उपासमार आणि वजन

(मालवण परिसरातल्या महिला मंडळांच्या आरोग्य शिबिरात केलेल्या भाषणाचा हा मजकूर.)



आजचा विषय तुम्हीच सुचवलात. हल्ली बैठकीत चहा आला की कोणीतरी म्हणतं, "मला नको, माझे सोळा तास व्हायचे आहेत." दुसरी म्हणते, "मी दोनदाच जेवते." मोबाइलवर रोज नवा व्हिडिओ येतो. गुडघे दुखतात म्हणून दवाखान्यात गेलं तर डॉक्टर सांगतात वजन कमी करा. कसं करायचं ते सांगायला त्यांना वेळ नसतो. मग कानावर येईल ते आपण करून बघतो. म्हणून आज या 'इंटरमिटंट फास्टिंग'बद्दल, म्हणजे ठरावीक तासांच्या उपासाबद्दल, नीट बोलू या. ते काय आहे, कोणी करावं, कोणी करू नये, आणि करायचं तर जीव सांभाळून कसं करायचं.

उपास आपल्याला नवा नाही. सोमवार धरणाऱ्या बाईचे वर्षाला ५२ उपास होतात. संकष्टीचे १२, नवरात्राचे ९, आषाढी-कार्तिकी, महाशिवरात्र, वटपौर्णिमा, हरतालिका. बेरीज ऐंशीच्या घरात जाते. हे झाले पंचांगातले. पंचांगात नसलेले वेगळेच. सगळ्यांना वाढून झालं, तव्यावरची शेवटची तुकडी मुलाच्या ताटात गेली, आणि आपण नुसत्या कढीबरोबर भात खाल्ला, त्याला आपण उपास म्हणत नाही. एक म्हातारी आजी मला म्हणाली होती, "आमचो आख्खो जन्म उपासातच गेलो." ती काही देवधर्माबद्दल बोलत नव्हती.

आज मला एवढंच सांगायचं आहे: पोटभर आणि चांगलं खाणाऱ्या शरीरालाच काही तास न खाणं सोसतं. मुळात अर्धपोटी असलेल्या शरीराला घड्याळ लावलं तर ती उपासमारच होते.

हे आहे तरी काय?

दिवसातले काही तास खायचं आणि उरलेले तास पाण्यावर राहायचं, हा त्याचा गाभा. कोणी १२ तास राहतं, कोणी १४, कोणी १६. महाराष्ट्रात याचाच एक प्रकार घरोघर पोचला. दिवसातून दोनदाच जेवायचं, हा विचार डॉ. श्रीकांत जिचकार मांडत असत. २००४ साली ते अपघातात गेले. पुढे डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी व्याख्यानं देऊन तो गावोगाव नेला. खरी भूक लागेल तेव्हा, दिवसातून दोनदा, प्रत्येक वेळी ५५ मिनिटांच्या आत जेवण संपवायचं आणि रोज चालायचं, असा तो आराखडा. दुसऱ्या बाजूला ऋजुता दिवेकर थोड्या थोड्या वेळाने घरचं, आपल्या भागातलं खा म्हणून सांगत आल्या. २०१८ च्या सुमाराला दोनदा खावं की दर दोन तासांनी, यावर वर्तमानपत्रांतून केवढा वाद रंगला होता!

यामागचं शास्त्र थोडक्यात असं. जेवलं की रक्तात साखर वाढते आणि तिला पेशींत पोचवायला इन्सुलिन येतं. इन्सुलिन चढलेलं असेपर्यंत शरीर साठवण्याच्या कामात असतं. दहाबारा तास काही खाल्लं नाही की यकृतातला साखरेचा साठा उतरतो आणि शरीर साठलेली चरबी अधिक वापरू लागतं. इथपर्यंत ठीक आहे. पण त्यात जादू नाही. २०२२ मध्ये चीनमधल्या ग्वांगझू शहरातला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. १३९ लठ्ठ स्त्रीपुरुषांना वर्षभर मोजून कमी खायला सांगितलं. निम्म्यांनी ते सकाळी ८ ते दुपारी ४ मध्येच खायचं, निम्म्यांना वेळेचं बंधन नाही. पहिल्यांचं वजन सरासरी ८ किलो उतरलं, दुसऱ्यांचं ६.३ किलो. हा फरक आकडेशास्त्राच्या कसोटीला उतरला नाही. म्हणजे वजन उतरलं ते मुख्यतः कमी खाल्ल्यामुळे. घड्याळाने काहींना कमी खाणं सोपं जातं, एवढाच त्याचा उपयोग. २०२० मध्ये अमेरिकेतल्या ११६ जणांच्या अभ्यासात तर सोळा तास उपाशी राहणाऱ्यांचं वजन तीनदा जेवणाऱ्यांपेक्षा विशेष उतरलं नाही. जे उतरलं त्यातही मोठा वाटा चरबीचा नव्हता, स्नायूंसारख्या भागाचा होता. डोक्यावर पाटी घेऊन चालणाऱ्या बाईचे स्नायू गेले तर तिचं कमावण्याचं साधन गेलं.

आपल्या शरीराचा हिशेब

२०१९ ते २०२१ या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचे महाराष्ट्राचे आकडे बघा. १५ ते ४९ वयाच्या शंभर बायकांत ५४ जणींच्या अंगात रक्त कमी. शंभरात २३ जणींचं वजन जास्त आणि २१ जणींचं कमी. लठ्ठ बाई खाऊनपिऊन सुखी असं लोक धरून चालतात, ते खरं नाही. भात, चहा, बिस्किटं, तळलेलं यांनी वजन वाढतं, पण रक्त वाढत नाही. एकाच बाईत चरबी जास्त आणि लोह कमी, असं सर्रास आढळतं.

आता आपल्या किनाऱ्यावरच्या दोन बायका डोळ्यांसमोर आणा. एक मासळी विकणारी. अंधारात उठायचं, एक कप चहा घ्यायचा, लिलावाला जायचं, पाटी घेऊन बाजारात बसायचं. पहिला घास दुपारी. ती म्हणाली की मी सोळा तास उपास करते, तर मी म्हणेन, बाय, तो तू वीस वर्षं करतेच आहेस. दुसरी तारकर्ली-देवबागला घरात पर्यटक ठेवणारी. ऑक्टोबर ते मे दिवसभर चुलीशी. चव बघता बघता खाणं होतं, पाहुण्यांचं उरलेलं वाया जाऊ नये म्हणून तेही खाल्लं जातं, आणि सगळं आटपून जेवायला रात्रीचे अकरा. हिचं वजन वाढतं. हिला वेळ ठरवून घेण्याचा उपयोग होऊ शकतो. पण हिच्यासाठी पहिली सूचना उपासाची नाही. आपलं ताट पाहुण्यांच्या आधी वाढून घ्यावं, ही आहे. आपलं पोट म्हणजे उरलंसुरलं टाकायची जागा नव्हे.

कोणी करू नये

गरोदर बाईने, अंगावर पाजणाऱ्या आईने, अठरा वर्षांखालच्या मुलीने हे करायचं नाही. वजन मुळात कमी असेल तर नाही. उंची १५० सेंटिमीटर, म्हणजे जवळजवळ चार फूट अकरा इंच असेल, तर ४२ किलोच्या खालचं वजन कमीच. ५२ च्या वर जास्त, आणि ५६ च्या पुढे लठ्ठपणा, असं भारतीय शरीरांसाठी धरतात. कंबर ८० सेंटिमीटरच्या, म्हणजे साडेएकतीस इंचांच्या वर असेल तर मधुमेह आणि रक्तदाब यांचा धोका वाढतो.

मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा गोळ्या घेणाऱ्या बाईने डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही जेवण चुकवू नये. गोळी घेतली आणि जेवण टाळलं तर साखर एकदम उतरते आणि जिवावर बेतू शकतं. मूत्रपिंडाचा आजार, क्षय, पोटातला व्रण, नुकतंच झालेलं ऑपरेशन, रक्तदाबाच्या गोळ्या, यांतलं काहीही असेल तरी आधी डॉक्टर. आणि रक्त कमी असेल तर आधी रक्त भरून काढायचं. हिमोग्लोबिन १२ च्या खाली म्हणजे रक्त कमी. ही तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रात होते, लोहाच्या गोळ्याही मिळतात. गोळी चहाबरोबर घेऊ नका, चहा लोह शोषू देत नाही.

करायचं तर असं

वर सांगितलेलं काही नसेल आणि वजन खरोखरच जास्त असेल, तर बारा तासांपासून सुरुवात करा. रात्री आठला जेवण संपलं की सकाळी आठपर्यंत पाणी. दोनतीन आठवडे हे जमलं, अंगात ताकद राहिली, तर तेरा, फार तर चौदा तास. सोळाच्या मागे लागायची गरज नाही. पहाटे अंगमेहनत असेल तर सकाळचं खाणं सोडू नका, रात्रीचं लवकर घ्या. आपल्या कामाप्रमाणे तास ठरवायचे, व्हिडिओतल्या माणसाच्या कामाप्रमाणे नाही.

खायच्या तासांत मात्र पोटभर. भात निम्मा करा, पण ताट निम्मं करू नका. उकड्या तांदळाच्या पेजेबरोबर बांगडा किंवा तारली, नाहीतर अंडं, नाहीतर कुळथाची पिठी. शंभर ग्रॅम कुळथात सुमारे २२ ग्रॅम प्रथिनं असतात. ५५ किलोच्या बाईला दिवसाला साधारण ४५ ग्रॅम तरी लागतात. लाल भाजी, शेवग्याचा पाला, पावसाळ्यात टाकळा. त्यावर लिंबू पिळा, म्हणजे भाजीतलं लोह अंगी लागतं. मासा तळण्यापेक्षा तिखल्यात करा. सुकी मासळी चांगली, पण रक्तदाब असेल तर मीठ धुऊन.

जून-जुलैमध्ये मासेमारी बंद असते, पाठोपाठ श्रावण येतो. म्हणजे बऱ्याच घरांत ताज्या मासळीचे महिने दोनाचे तीन उलटतात, आणि नेमके तेव्हाच उपास वाढतात. त्या दिवसांत वजनासाठी वेगळे तास लावू नका. श्रद्धेने उपास करणाऱ्या बाईला अडवायला आम्ही आलेलो नाही. पण एका अंगावर दोन उपास नकोत. आणि उपासाला साबुदाणा म्हणजे निव्वळ पिष्ट. शंभर ग्रॅमला साडेतीनशे कॅलरी आणि प्रथिनं जवळजवळ शून्य. वाटीभर खिचडीने उपास मोडत नाही, वजनही मोडत नाही! त्यापेक्षा ताक, दूध, थोडे शेंगदाणे, रताळं बरं.

पाण्याचा उपास कधीच नाही. आपल्याकडची हवा दमट, घाम फार. पण मासळी बाजारात बसणाऱ्या कितीजणी मुद्दाम पाणी पीत नाहीत, हे आपल्याला ठाऊक आहे. बायकांसाठी धड संडास नाही म्हणून. मग लघवीची जळजळ, मुतखडा. हा प्रश्न आहाराच्या पुस्तकात सापडणार नाही. तो ग्रामपंचायतीत आणि नगरपरिषदेत जाऊन मांडावा लागेल.

चक्कर, हात थरथरणं, थंड घाम, छातीत धडधड, असं झालं की लगेच साखर किंवा गूळ खा आणि त्या दिवशी उपास संपला असं समजा. पाळी चुकायला लागली, केस गळायला लागले, सारखं खाण्याचंच डोक्यात राहिलं, तर हे बंद करा. महिन्याला दोन किलोपेक्षा जास्त उतरवू नका.

कोणासाठी?

शेवटचा मुद्दा. वजन कमी करायचं ते कोणासाठी, हे स्वतःला विचारा. गुडघ्यांसाठी, साखरेसाठी, जिना चढताना दम लागू नये म्हणून असेल तर आम्ही तुमच्याबरोबर आहोत. नवरा चारचौघांत टोमणे मारतो म्हणून, बघायला येणाऱ्यांना सडपातळ मुलगी हवी म्हणून असेल, तर तिथे बदलायला हवी ती बघणाऱ्याची नजर. आपल्या मुलींकडे लक्ष ठेवा. "भूक नाय" म्हणून ताट सरकवणाऱ्या मुलीला ओरडू नका, तिच्याशी बोला.

आणि संध्याकाळी सातला जेवणारी बाई नऊला पुन्हा सगळ्यांना वाढत उभी राहणार असेल तर तिचं हे चार दिवससुद्धा टिकणार नाही. घरातल्या पुरुषांना आणि मुलांना आपलं ताट आपण वाढून घ्यायला शिकवा. आहाराचा हा नियम कोणत्याच व्हिडिओत नसतो.

मंडळांनी तीन कामं घ्यावीत असं मी सुचवते. एक, पुढच्या महिन्यात आरोग्य केंद्राच्या मदतीने सगळ्या सभासदांचं हिमोग्लोबिन, साखर, रक्तदाब, वजन आणि कंबर मोजून वहीत लिहायची. त्याआधी कोणी उपास सुरू करायचा नाही. दोन, ज्या सुरू करतील त्यांनी एकटीने करू नये. पाचसहाजणींचा गट करावा, दर पंधरवड्याला भेटावं, चक्कर येणारीला तिथेच थांबवावं. तीन, बाजारातल्या संडासाचा आणि पाण्याचा अर्ज याच बैठकीत लिहून सह्या करू या.

आता प्रश्न विचारा. आणि मग जेवायला बसू या. आज वाढपी पुरुष आहेत, तेव्हा सगळ्याजणी एकाच पंगतीला.