मत गावात, मतदार फडावर

या देशात प्रत्येक प्रौढ नागरिकाला मत आहे. पण ते त्याच्या गाठीला नसते, गावच्या मतदारयादीत असते. मतदानाच्या दिवशी माणूस आणि यादी एका ठिकाणी आली, तरच त्या अधिकाराला अर्थ. ती एकत्र येत नसतील तर काय करावे, याचे उत्तर कायद्याने मोजक्याच लोकांपुरते दिले आहे. सैनिक, परदेशी नेमलेला सरकारी नोकर, निवडणुकीच्या कामावरील शिक्षक किंवा तलाठी, इतकेच काय, प्रतिबंधक स्थानबद्धतेतील माणूस, या सर्वांना टपाली मतपत्रिका मिळते. (खटला चालू असताना तुरुंगात असलेल्याला मात्र मत नाही, हा न्याय अजब आहे.) २०१९ मध्ये अपंग आणि ८० वर्षांवरील वृद्ध या सवलतीत आले, २०२४ मध्ये वयाची अट ८५ वर नेण्यात आली.

ही यादी नीट वाचावी. सरकारने ज्याला कामासाठी बाहेर धाडले किंवा स्वतःच डांबून ठेवले, त्याची सोय झाली. पोटाने ज्याला बाहेर काढले, तो तीत नाही.

ज्यांची सोय झाली त्यांचीही वाट सरळ नाही. २०१६ पासून सैनिकाकडे मतपत्रिका संगणकामार्फत पोचते, पण परत येते ती टपालानेच. आतले पाकीट, बाहेरचे पाकीट, सोबत साक्षांकित प्रतिज्ञापत्र. साक्षांकन राहिले की मत बाद; मोजणीच्या ठरल्या वेळेनंतर टपाल आले तर पाकीट उघडलेही जात नाही.

आता बीडकडे वळावे. तिथला ऊसतोड मजूर दिवाळीच्या सुमारास उचल घेऊन टोळीबरोबर निघतो, तो उन्हाळा लागताना परततो. नवरा-बायको मिळून एक कोयता, मजुरी टनावर. तात्पुरते बाहेर गेल्याने गावचे रहिवासीपण जात नाही, असे कायदा सांगतो. म्हणून नाव यादीत राहते आणि माणूस कोल्हापूरच्या किंवा कर्नाटकातल्या फडावर. १८ डिसेंबर २०२२ रोजी राज्यातील सात हजारांहून अधिक ग्रामपंचायतींसाठी मतदान झाले, तेव्हा गाळप ऐन भरात होते. १९९६ च्या दुरुस्तीने मतदानाच्या दिवशी भरपगारी सुट्टी दिली आहे. पण टनावर राबणाऱ्याला भरपगार कोण देणार, आणि तीनशेहून अधिक किलोमीटरची जा-ये एका दिवसात कशी व्हावी? वर खाड्याचा दंड आहेच. उमेदवाराने गाडी पाठविली तर तो गावी पोचतो; गाडीत पाय ठेवतानाच त्याचे मत कोणाचे, हे ठरलेले असते.

यावर सर्वांना टपाली मत द्या, अशी मागणी सहज सुचते. ती धोक्याची आहे. कोपीत आलेल्या मतपत्रिकेवर खूण होईल ती ज्याच्याकडे उचलीचा हिशेब आहे त्या मुकादमाच्या देखत. मग गुप्त मतदानाला काय अर्थ राहिला?

जानेवारी २०२३ मध्ये निवडणूक आयोगाने ७२ मतदारसंघांची मते नोंदवू शकणारे दूरस्थ मतदान यंत्र पक्षांपुढे ठेवले. अनेक विरोधी पक्षांनी शंका काढल्या. स्थलांतरित कोणाला म्हणायचे? दूरच्या केंद्रावर लहान पक्षाने मतदान प्रतिनिधी कुठून आणायचा? जिथे निवडणूकच नाही तिथे आचारसंहिता कशी लावायची? शंका खऱ्या आहेत. परंतु त्या काढून पक्ष मोकळे झाले; फडावरचा मतदार होता तिथेच राहिला.

ग्रामपंचायतींच्या मतदानाच्या तारखा राज्य निवडणूक आयोग ठरवितो. त्या गाळप हंगामाबाहेर ठेवण्याची मागणी आजच करता येईल. विधानसभा आणि लोकसभेसाठी कारखान्याच्या स्थळावर मतदान केंद्र हवे, जिथे पडद्याआड मजूर एकटा असेल आणि मुकादम बाहेर. त्यासाठी कायद्यात दुरुस्ती लागेल. तोडणी-वाहतुकीचे करार कारखान्याच्या दप्तरी असतातच. कार्यकर्त्यांनी दिवाळीपूर्वी, टोळ्या निघण्याच्या आत, गावोगाव नोंद करावी: कोण, कोणत्या कारखान्याला, किती महिन्यांसाठी. ती नोंद जिल्हाधिकाऱ्यांच्या टेबलावर ठेवून पोच घ्यावी.