जुन्या जॉयस्टिकचा जीर्णोद्धार



जामुलमध्ये उभे राहून यंत्रांच्या सुट्या भागांविषयी बोलणे हे काहीसे धाडसाचेच आहे. शेजारच्या भिलाईत १९५९ साली पहिली झोतभट्टी पेटली. येथे सिमेंटचा कारखाना आहे. यंत्राचा कोणता भाग बदलावा आणि कोणता राखावा, हे येथील फिटरला मजहून अधिक कळते. मी भाषांतर करणारी. परंतु एका खेळण्याच्या दुरुस्तीने मला माझ्याच व्यवसायाविषयी जे शिकविले, तेवढे सांगावे म्हणून उभी आहे.

आमच्या मामांनी परदेशाहून अटारी कंपनीचे खेळयंत्र आणले होते. अमेरिकेत ते १९७७ साली विक्रीस आले. त्याच्या जॉयस्टिकची रचना अगदी साधी होती. काळ्या रबरी आवरणाखालील दांडा कलला, की सर्किट बोर्डावरील धातूची इवली घुमटी दाबली जाई आणि त्या दिशेची तार सामाईक तारेला जोडली जाई. चार दिशांच्या चार घुमट्या व गोळी झाडण्याच्या कळीची पाचवी. वर्षे लोटली, की घुमट्यांखाली मळ साचतो आणि दांड्याचा आतील प्लॅस्टिकचा भाग तडकतो.

काही वर्षांपूर्वी मी आमच्या जॉयस्टिकमध्ये घुमट्यांच्या जागी मायक्रोस्विच बसविले. जुना बोर्ड निरुपयोगी समजून टाकून दिला. दिवाळीत दादा घरी आला. पाव तास खेळला आणि जॉयस्टिक खाली ठेवून म्हणाला, ''चालते उत्तम. पण हाताला ओळख पटत नाही.''

त्याचे म्हणणे खरे होते. मायक्रोस्विच हलक्या दाबानेच 'टक्' करून लागतो. जुन्या दांड्याला मनगटाचा जोर लागत असे. दोष नव्या भागाचा नव्हता. तो टिकाऊही होता आणि अचूकही. दांडा हलला की चित्र हलते, एवढेच मी पाहिले होते. किती जोर लावल्यावर ते हलते, हे पाहिलेच नव्हते. आणि बोर्ड टाकून दिल्यामुळे परतीची वाटही उरली नव्हती.

हाच प्रश्न पुढच्या पिढीच्या यंत्रांत अधिक गुंतागुंतीचा होतो. निन्टेन्डो कंपनीच्या १९९६ सालच्या 'निन्टेन्डो ६४' या यंत्राचा दांडा खाचा असलेली दोन चाके फिरवितो. खाचांतून येणारा प्रकाश तुटतो आणि जुळतो, तेवढे ठोके मोजून यंत्र दिशा व अंतर ठरविते. प्लॅस्टिकवर प्लॅस्टिक घासून भुकटी होते आणि दांडा लुळा पडतो. आज मिळणारे बदली भाग निराळ्या तत्त्वावर चालतात. एडविन हॉल यांनी १८७९ साली शोधलेल्या परिणामाचा काहींत उपयोग केलेला असतो: दांड्याबरोबर चुंबक हलते आणि जवळचा संवेदक, स्पर्श न होता, ते ओळखतो. जेथे स्पर्श नाही तेथे झीज नाही.

पण जुने यंत्र ठोके मोजणारे. नवा भाग विजेच्या दाबाने बोलणारा. म्हणून दोहोंमध्ये एक लहानशी चिप बसवावी लागते. ती दुभाष्याचे काम करते. हा दुभाषा उतावळा असला, तर फसगत होते. मूळ दांडा टोकाला नेल्यावर साधारण ८० हा अंक पाठवितो. काही बदली भाग १०० च्याही पुढे जातात. मग पात्र हळू चालावयाचे तेथे धावत सुटते. शब्द सारे बरोबर, पण स्वर चढा, अशी भाषांतरे मीही केलेली आहेत.

त्या दिवाळीपासून मी तीन नियम पाळते. प्रथम नुसते स्वच्छ करून पाहावे. पुष्कळदा तेवढेच पुरते. नवा भाग घालणे भागच पडले, तर तो जुन्याच खाचेत बसणारा घ्यावा आणि कवचाला भोक पाडू नये. आणि काढलेला भाग चिठ्ठी लावून जपून ठेवावा, कारण आपला निर्णय चुकला असे उद्या दुसऱ्या कोणाच्या हाताला जाणवू शकते.

जीर्णोद्धार करणाऱ्याने देऊळ वापरात ठेवावयाचे असते, त्याचबरोबर त्याची मूळ घडणही ओळखू येईल अशी राखावयाची असते. पुढे मला एका मोडक्या जॉयस्टिकमधील जुना बोर्ड मिळाला. तो पुसून मी आमच्या कवचात बसविला. दादाची त्यावर अजून परीक्षा व्हावयाची आहे. मायक्रोस्विच मात्र मी फेकलेले नाहीत. चिठ्ठी लावून डबीत ठेवले आहेत.