नंदनवनाची ओढ

जेम्स कॅमेरॉन यांचा 'अवतार' हा चित्रपट 2009 सालच्या डिसेंबरात पडद्यावर आला, त्यानंतर एक चमत्कारिक बातमी वाचावयास मिळाली होती. अमेरिकेतील काही प्रेक्षक तो पाहून घरी आले ते उदास होऊन. दूरच्या ग्रहमालेतील पँडोरा नावाच्या उपग्रहावरील ते अरण्य, रात्री उजळणारी झाडे, ते उंच निळे लोक, हे सारे पाहिल्यावर आपले जग त्यांना अगदी फिके वाटू लागले.

आपल्यापैकी कोणी म्हणेल, अरण्यच पाहायचे तर तिकीट कशाला काढता, भामरागडला या की! थट्टा राहू द्या. ही उदासी खरी आहे आणि फार जुनी आहे. बायबलाच्या पहिल्याच पुस्तकात माणूस एदेन बागेबाहेर पडतो, तेव्हापासून ती त्याच्या पाठीस लागली आहे.

ख्रिस्ती लेखकांनी या चित्रपटावर पुष्कळ लिहिले. व्हॅटिकनच्या वृत्तपत्राने 2010 च्या जानेवारीत टीका केली, की यात निसर्गपूजेलाच धर्म केले आहे. मला ही टीका अपुरी वाटते. मेख आहे ती चित्रपटाच्या नावात. अवतरणे म्हणजे खाली उतरणे. ख्रिस्ती श्रद्धेतही देव मानवदेह धारण करतो, थकतो, भुकेजतो, मार खातो. चित्रपटातील जेक मात्र उलट वाटेने जातो. त्याचे पाय लुळे आहेत. तो देह टाकून शेवटी तो धडधाकट निळा देह घेतो. नंदनवनात शिरायचे तर लुळे शरीर दाराबाहेर ठेवा, असाच त्याचा अर्थ झाला.

आता आपल्या वरोऱ्याकडे पाहा. बाबा आमटे काही ख्रिस्ती नव्हते. 1949 च्या सुमारास त्यांनी आनंदवन सुरू केले, ते खडकाळ माळावर. झडलेल्या बोटांच्या कुष्ठरोग्यांनी तिथे विहीर खणली, शेती केली. नवा देह कोणालाच मिळाला नव्हता!

एदेन बागही माणसाला दिली ती मशागत करायला आणि राखायला. राखणे म्हणजे काय, हे धानाच्या जागलीला जाणाऱ्या शेतकऱ्याला मी काय सांगावे? धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) गावाला 2009 साली सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला; त्याच्या पाठोपाठ राखणीचे कामही आलेच.

चित्रपटात खनिज पवित्र झाडाखाली असते. आपल्याकडे एटापल्ली तालुक्यात सूरजागडच्या डोंगरात लोहखनिज आहे, आणि तोच डोंगर माडिया लोकांच्या ठाकुरदेवाचा. पडद्यावर निकाल सोपा लागतो. परक्या शिपायांना त्यांच्या जगात परत धाडले, की संपले. इथे परत कोणाला धाडणार? खाणीला विरोध करणारा बाप आणि खाणीवर कामाला जाणारा मुलगा एकाच पंगतीला जेवत असतील.

शिक्षक बंधुभगिनींनो, हा चित्रपट मुलांना जरूर दाखवा. मग विचारा, जेकला आपल्या त्याच लुळ्या पायांनिशी तिथे राहता आले असते काय? तिथली हवा माणसाला विषारी आहे, असे हुशार मुले चटकन सांगतील. मग आपल्या गावच्या हवेपाण्याविषयी त्यांना बोलू द्या, आणि मध्ये टोकू नका.