आईपणाची बडतर्फी



व्याख्यानमालेच्या चालकांनी विषयाची निवड आमच्यावर सोपवली, तेव्हा पुष्कळांनी अशी अटकळ बांधली असेल की, हा मनुष्य बोनस आणि महागाईभत्ता याखेरीज दुसरे काय बोलणार! ती अटकळ अगदीच खोटी नाही. आज आम्ही बडतर्फीविषयीच बोलणार आहोत. मात्र ती नोकरीवरून नव्हे, आईपणावरून झालेली बडतर्फी आहे. कायद्याची पदवी आमच्यापाशी नाही. जे वाचले ते गेटवरच्या सभा आटोपल्यावर, रात्री दिव्याखाली बसून वाचले. सभेत वकील मंडळी असतील त्यांनी तेवढे पदरात घ्यावे.

आपल्याकडे नवराबायकोचे फाटले की मुलाचा ताबा कोणाकडे, हा वाद कुटुंब न्यायालयात जातो. ताबा बापाकडे गेला तरी आई ही आई राहते. तिला भेटीचे दिवस मागता येतात. परिस्थिती पालटली तर पुन्हा अर्ज करता येतो. अमेरिकेत याच्यापुढची एक पायरी आहे. तेथील न्यायालय पालकत्वाचा हक्कच कायमचा संपवू शकते. मग हक्काची भेट नाही, मुलाच्या शाळेची खबरबात नाही. मूल दत्तक द्यायचे झाले तर तिची संमतीही लागत नाही. कायद्याच्या लेखी ती रस्त्यावरची कोणी परकी बाई ठरते.

मिसिसिपी राज्यातल्या अशा एका आईची हकीकत ऐका. न्यायालयाच्या दप्तरी तिचे नाव केवळ एम. एल. बी. या आद्याक्षरांनी नोंदले आहे. १९९२ मध्ये घटस्फोट झाला आणि ठरल्याप्रमाणे मुलगा व मुलगी बापाकडे राहिली. बापाने दुसरे लग्न केले. १९९३ च्या नोव्हेंबरात त्याने अर्ज केला की, पहिलीचा हक्क संपवावा आणि नव्या पत्नीला ही मुले दत्तक द्यावीत. १९९४ च्या डिसेंबरात न्यायालयाने तो मान्य केला. बाईने अपिलाचे शंभर डॉलर भरले. पण साक्षीपुराव्याच्या नोंदी तयार करण्याचा खर्च तिच्यापुढे ठेवला गेला तो २,३५२ डॉलर ३६ सेंट! तेवढी रक्कम तिच्यापाशी नव्हती. गरीब म्हणून माफी द्या, असे तिने विनवले. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, दिवाणी अपिलात अशी माफी नाही. मूल गेले ते गेलेच, आणि गेले ते बरोबर की चूक, हे वरच्या न्यायालयाला विचारण्याची वाटही पैशावाचून बंद झाली.

आम्ही हे वाचले तेव्हा पहिल्याने आठवली ती कारखान्यातली चौकशी. एखाद्या कामगाराला काढायचे तर आरोपपत्र द्यावे लागते, साक्षीदार समोर आणावे लागतात, उलटतपासणी होऊ द्यावी लागते. निकालात कारणे नसली तर आम्ही त्या कागदावर तुटून पडतो. या बाईविरुद्धच्या हुकुमात काय होते? कायद्यातली ठराविक वाक्ये उतरून घेतली होती. कोणत्या पुराव्यावरून ती आई म्हणून नालायक ठरली, याचा खुलासा नव्हता! शिवाय आमचा कामगार कोर्टातून पुन्हा कामावर येऊ शकतो, कधी मागील पगारही मिळवतो. मुलाच्या गेलेल्या वर्षांचा मागील पगार कोण देणार?

अखेर १६ डिसेंबर १९९६ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी त्या आईच्या बाजूने कौल दिला. निकाल लिहिला न्यायमूर्ती रूथ बेडर गिन्सबर्ग यांनी. आईबापाचे नाते तोडणे ही साधी दिवाणी बाब नव्हे. पैसे नाहीत म्हणून अपिलाचे दार लावता येणार नाही, असा त्याचा आशय. विरोधी मत देणाऱ्यांना धास्ती होती की, उद्या इतर दिवाणी दाव्यांतही हीच सवलत मागितली जाईल. आमचे म्हणणे, मागू द्या की!

तथापि त्या देशाचा न्याय या बाबतीत एका सुराचा नाही. १९६३ पासून गंभीर गुन्ह्याच्या गरीब आरोपीला तेथे सरकारी खर्चाने वकील मिळतो. १९८१ मध्ये मात्र त्याच न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ठरवले की, मूल गमावू पाहणाऱ्या आईला तो प्रत्येक वेळी द्यावाच लागेल असे नाही. बहुतेक राज्यांनी आपापल्या कायद्याने ती सोय केली आहे. दुसऱ्याच वर्षी, १९८२ मध्ये, न्यूयॉर्कच्या कुटुंब न्यायालयातून आलेल्या खटल्यात नुसते पारडे झुकणे पुरेसे नाही, पुरावा स्पष्ट आणि खात्री पटवणारा हवा, असे ठरले.

मूल मारझोडीत राहू द्यावे असे आम्ही मुळीच म्हणत नाही. वर्षानुवर्षे परक्या घरांतून फिरवली जाणारी मुले पाहूनच १९९७ चा कायदा तेथे झाला. बावीस महिन्यांपैकी पंधरा महिने मूल सरकारी देखरेखीखाली राहिले, तर काही अपवाद सोडून राज्याने हक्क संपवण्याचा अर्ज करावा, असे त्यात आहे. हेतू चांगला. परंतु तेथे मूल उचलले जाते त्यांतल्या मोठ्या भागात आरोप मारहाणीचा नसून हेळसांडीचा असतो. आणि घरात अन्न नसणे, पाळीला गेल्यावर मूल सांभाळायला कोणी नसणे, ही हेळसांड की दारिद्र्य? पंधरा महिन्यांत व्यसन सोडा, घर मिळवा, नोकरी मिळवा, असे घड्याळ लावून सांगितले जाते. घर मिळवणे किती सोपे असते, हे चाळीत वाढलेल्यांना सांगायला नको.

आपल्याकडे वाट निराळी आहे. २०१५ च्या बाल न्याय कायद्याप्रमाणे नाइलाजाने मूल सोडणाऱ्या आईला बाल कल्याण समितीपुढे लिहून द्यावे लागते. आधी तिची समजूत घातली जाते आणि नंतर फेरविचारासाठी दोन महिने मिळतात. त्यानंतर मूल दत्तकासाठी मोकळे होते. मुदत ठेवली हे चांगलेच. पण कार्तिकात कोयता घेऊन परजिल्ह्यातल्या फडावर गेलेली बाई कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत गावी परतत नाही; तोवर हे दोन महिने केव्हाच सरलेले असतात. ज्या कागदावर तिने अंगठा उठवला त्यातली ही मुदत तिला तिच्या भाषेत कोणी वाचून दाखवली काय, आणि फडावरून समितीपर्यंत यायला तिची मजुरी कोण भरून देणार, एवढे दोन प्रश्न या सभागृहातल्या वकील मंडळींनी आपल्या जिल्ह्याच्या समितीला लेखी विचारावेत. मसुदा करायला आमचे युनियनचे कार्यालय रात्री नऊपर्यंत उघडे असते.